बाजरीचं माहेर

नेकनूरच्या आठवडी बाजारात गेलात, तर धान्याच्या ढिगापाशी थांबा आणि बाजरीचे चार दाणे तळहातावर घ्या. करडे, हिरवट, एका टोकाला निमुळते. हिवाळ्यात बाजरीची भाकरी थापली जात नाही असं घर बीड जिल्ह्यात शोधूनच काढावं लागेल. इतकी ती आपली! पण गंमत सांगू? तिचं माहेर इथलं नाही. ते आहे दूर पश्चिम आफ्रिकेत, माली या देशाच्या आसपास. चला, आज बाजरीचं बोट धरून तिच्या माहेरी जाऊन येऊ.

घड्याळ साडेपाच तास मागे घ्या. नेकनूरला सकाळचे 11 वाजतात, तेव्हा मालीची राजधानी बामाको इथे पहाटेचे 5.30 झालेले असतात. शहराच्या मधून नायजर नदी वाहते. कुणी भेटलं की बांबारा भाषेत म्हणायचं, ‘इ नी सोगोमा’, म्हणजे शुभ सकाळ. पण तेवढ्यावर भागत नाही बरं का. आई बरी आहे ना, मुलं बरी आहेत ना, घरचे सगळे बरे आहेत ना, अशी चौकशी झाल्यावरच कामाचं बोलायचं.

भूक लागली? इथे बाजरीचं पीठ पाण्यात शिजवून, घोटून घट्ट करतात. त्याला म्हणतात ‘तो’. सोबत भेंडीचं नाहीतर गोरखचिंचेच्या पानांचं बुळबुळीत कालवण. एकाच मोठ्या भांड्याभोवती सगळे बसतात आणि उजव्या हाताने जेवतात.

आता जेने गावाला जाऊ. इथला बाजार सोमवारी भरतो आणि तोही एका अजब इमारतीसमोर. ती आहे 1907 साली पुन्हा बांधलेली मोठी मशीद. अख्खी मातीची! मातीची जगातली सगळ्यात मोठी इमारत तीच, असं मानतात. तिच्या भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात. ती नुसती शोभा नाही, कारागीर त्यांवर पाय देऊन वर चढतात. कारण पावसाने माती झिजते आणि दरवर्षी मशीद नव्याने लिंपावी लागते. नदीकाठच्या चिखलात भाताचा कोंडा मिसळून तो बरेच दिवस कुजत ठेवतात. पोरं त्यात उतरून पायांनी तुडवतात. मग लिंपणाच्या दिवशी सगळा गाव लोटतो. टोपल्या घेऊन पोरं धावतात, बायका पाणी आणतात आणि गवंडी हातानेच लिंपत जातात. आपल्याकडे जुन्या माळवदांवर पावसाळ्याआधी माती टाकायचे, त्यातलाच हा प्रकार, फक्त गावजत्रेएवढा मोठा.

कोंडा कशासाठी? ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. कोंडा तिला धरून ठेवतो.

ही युक्ती फार जुनी आहे आणि तिनेच बाजरीचं गुपित फोडलं! मालीच्या ईशान्येला तिलेम्सी नावाचं खोरं आहे. तिथल्या लोकांनी सुमारे 4500 वर्षांपूर्वी मडकी घडवताना मातीत बाजरीचं भुसकट मिसळलं. मडकी भाजली तेव्हा भुसकट जळून गेलं, पण त्याचे ठसे राहिले. शास्त्रज्ञांनी ती खापरं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा ठशांमध्ये बारीक देठ दिसले.

देठात एवढं काय आहे? रानटी बाजरी पिकली की तिचे दाणे आपोआप गळून जातात. कणसाला चिकटून राहिलेले दाणेच माणसाच्या हाती लागायचे आणि पुढच्या वर्षी तेच पेरले जायचे. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं आणि दाणे न गाळणारी बाजरी तयार झाली. ती झोडपून, मळूनच काढावी लागते, म्हणून देठ सोबत येतो. देठाचा ठसा म्हणजे शेतीचा पुरावा! तिथून काही शतकांतच बाजरी आफ्रिका ओलांडून आपल्या सौराष्ट्रापर्यंत पोचली होती.

मला हा शोध फार आवडतो. कुणी काही लिहून ठेवलेलं नसताना एका फुटक्या खापराने एवढं सांगितलं!

आता तुम्ही एक करा. चिखलाच्या दोन सारख्या वड्या थापा. एकीत मूठभर भुसकट मिसळा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही चांगल्या वाळू द्या. कोणती जास्त तडकली आणि भुसकटाचे ठसे कसे उमटले, ते आम्हाला चित्र काढून नक्की कळवा.