माहिती पुरेशी आहे काय?

स्पर्धा परीक्षांचा सराव घेताना एक गोष्ट आमच्या पाहण्यात वारंवार येते. शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग यांत तरबेज असलेला विद्यार्थी 'माहितीची पर्याप्तता' या प्रकारापाशी अडखळतो. मुले त्याला डेटा सफिशियन्सी म्हणतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात २०११ पासून हा घटक आहे व त्याची पातळी दहावीचीच आहे. बँकांच्या अधिकारी पदाच्या परीक्षांतही तो येतो. म्हणजे अडचण गणिताची नाही, प्रश्न नीट न वाचण्याची आहे. आणि चुकीच्या उत्तराला आयोगाच्या परीक्षेत एक तृतीयांश, तर बँकांच्या परीक्षांत एक चतुर्थांश गुण कापले जातात. येणारे गणित चुकून गुण जावेत, याची हळहळ अधिक वाटते.

या प्रकारात एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने असतात. उत्तर किती, हे विचारलेलेच नसते. ते निश्चित काढता येईल काय, एवढेच सांगायचे असते. एकच विधान पुरेसे, दोहोंपैकी कोणतेही एक पुरेसे, दोन्ही मिळून पुरेशी, की दोन्ही मिळूनही अपुरी, असे पर्याय असतात. त्यांचा क्रम सर्व परीक्षांत सारखा नसतो, तेव्हा पाठ केलेल्या क्रमावर विसंबू नये. दुसरे विधान तपासताना पहिले हाताने झाकून ठेवावे. हे पोरकट वाटेल, पण पहिल्या विधानातील आकडा नकळत दुसऱ्यात घुसतो, हीच निम्म्या चुकांची जात आहे.

आता एक उदाहरण घेऊ. एका वसतिगृहात ८० विद्यार्थी आहेत. ५० जण मराठी वृत्तपत्र वाचतात, ४२ जण इंग्रजी. दोन्ही वाचणारे किती?

विधाने पाहण्याआधीच बहुतेक मुले ५० अधिक ४२ वजा ८०, म्हणून १२ असे सांगून मोकळी होतात. पण एकही वृत्तपत्र न वाचणारा कोणी नाही, असे कोठे म्हटले आहे? असा विद्यार्थी एक असेल तर दोन्ही वाचणारे १३ होतात, पाच असतील तर १७. म्हणून आम्ही मुलांना दोन वर्तुळांऐवजी चार घरांचा तक्ता काढायला सांगतो: फक्त मराठी, फक्त इंग्रजी, दोन्ही, एकही नाही. वर्तुळांच्या आकृतीत चौथे घर बाहेर राहते आणि विसरले जाते.

आता पहिले विधान: ८ जण एकही वृत्तपत्र वाचत नाहीत. लगेच दोन्ही वाचणारे २० ठरतात, विधान पुरेसे. दुसरे विधान असे समजा की, फक्त मराठी वाचणारे फक्त इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. येथे हुशार मुलेही फसतात. विधानात आकडा आहे, तुलना आहे, म्हणजे काही तरी मिळणारच असे वाटते. पण ५० मधून आणि ४२ मधून दोन्ही वाचणारे सारखेच वजा होतात, त्यामुळे फरक नेहमी ८ च राहणार, मग दोन्ही वाचणारे १२ असोत की ४०. प्रश्नात आधीच असलेली गोष्टच या विधानाने पुन्हा सांगितली. ते अपुरे. याउलट, नेमके एकच वृत्तपत्र वाचणारे ५२ आहेत असे म्हटले असते तर ते एकटेच पुरले असते, कारण ९२ मधून ५२ गेल्यावर उरलेल्या ४० मध्ये दोन्ही वाचणारा प्रत्येक जण दोनदा मोजलेला आहे.

सरासरीत फसगत उलट बाजूने होते. तेथे पुरेशी माहिती असूनही मुले अपुरी म्हणतात. एका वर्गात मुलींच्या गुणांची सरासरी ६२ व मुलांची ५४ आहे. वर्गाची सरासरी किती? पहिले विधान, मुली व मुले यांचे प्रमाण ३:५ आहे. दुसरे, वर्गात ४० विद्यार्थी आहेत. संख्या दिली म्हणून दुसऱ्याकडे ओढा असतो, पण त्यातून काहीच निघत नाही. पहिल्यातून मात्र १८६ अधिक २७० भागिले ८, म्हणजे ५७ मिळतात. सरासरीला प्रमाण पुरते, डोकी मोजावी लागत नाहीत. (५८ हे उत्तर फक्त मुले-मुली समसमान असतील तरच.) हे उलटेही चालते: वर्गाची सरासरी ५७ आहे हे कळले तर प्रमाण ३:५ आहे हे आपोआप कळते, मात्र मुली किती हे कळायला वर्गाची एकूण संख्या लागेलच.

'आहे की नाही' अशा प्रश्नांबद्दल थोडेसे. वर्गाची सरासरी ६० पेक्षा जास्त आहे काय, असे विचारले आणि विधानावरून ठाम 'नाही' आले, तर ते विधान पुरेसेच होय. 'नाही' म्हणजे अपुरे, असा अर्थ नाही.

शेवटी दोन्ही एकत्र करणारे एक गणित. ५० विद्यार्थ्यांपैकी ३० जण गणिताच्या शिकवणीला जातात, ३० जण इंग्रजीच्या, आणि प्रत्येक जण किमान एका शिकवणीला जातोच. एका सराव परीक्षेत गणित-शिकवणीच्या मुलांची सरासरी ५५ आली, इंग्रजी-शिकवणीच्या मुलांची ५२. सर्व ५० जणांची सरासरी किती? पहिले विधान: दोन्हीकडे जाणाऱ्यांची सरासरी ७१ आहे. दुसरे: फक्त गणिताला जाणाऱ्यांची सरासरी ४७ आहे.

दोन्हीकडे जाणारे १० आहेत हे प्रश्नावरूनच निघते. दोन्ही शिकवण्यांची बेरीज १६५० अधिक १५६०, म्हणजे ३२१०. तीत या दहा जणांचे गुण दोनदा आले आहेत. पहिल्या विधानाने ते ७१० ठरतात. दुसऱ्यानेही तेच: २० जणांचे ९४०, ते १६५० मधून गेले की ७१० उरतात. कोणतेही एक विधान पुरेसे. सर्वांची सरासरी येते ५०, म्हणजे ५५ आणि ५२ या दोहोंपेक्षा कमी! चुकले असे वाटून मुले पुन्हा आकडेमोड करतात. पण दोन्ही शिकवण्यांची सरासरी वर नेणारी मुले तीच दहा आहेत.

याच गणितातून 'प्रत्येक जण किमान एका शिकवणीला जातोच' एवढे शब्द काढून पाहा. आता दोन्हीकडे जाणारे किती हे माहीत नाही, म्हणून कोणतेही एक विधान पुरत नाही. पण दोन्ही एकत्र घेतली तर ७१ आणि ४७ यांच्यामध्ये ५५ कोठे बसतात यावरून प्रमाण १:२ निघते, ३० पैकी १० मिळतात, आणि चौथे घर रिकामे आहे हेही कळते. उत्तर तेच, ५०; पर्याय मात्र बदलला.