प्रशिक्षकाचा कडक स्वभाव संघाला तारतो की मारतो?

मैदानाच्या कडेला आपण दोन वाक्यं नेहमी ऐकतो. एक, ‘सर कडक आहेत, म्हणून पोरं घडतात.’ दुसरं, ‘सरांच्या तोंडामुळे चांगली पोरं मैदान सोडून गेली.’ दोन्ही खरी असतात. मग कडक स्वभाव कधी कामाला येतो आणि कधी नुकसान करतो, हे आज आपण समजून घेऊ. उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. आपला बुलढाणा जिल्हा विदर्भात, आणि उदाहरण विदर्भाच्या संघाचंच आहे.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. साठ वर्षांत हा संघ अंतिम सामन्यात एकदाही पोहोचला नव्हता. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. भारताचे माजी यष्टिरक्षक, रमाकांत आचरेकरांचे शिष्य, आणि शिस्तीच्या बाबतीत अत्यंत कडक अशी ख्याती. त्याच हंगामात विदर्भानं कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकला फक्त ५ धावांनी हरवलं आणि इंदूरला दिल्लीला नमवून करंडक जिंकला. पुढच्या वर्षी, २०१८-१९ ला, तो राखलाही. पुढे २०२१-२२ मध्ये याच पंडितांनी मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला.

इथं घाईनं निष्कर्ष काढला जातो, की चिडका प्रशिक्षक आणा, करंडक येईल. पण जरा थांबू. पंडित येण्याआधीच विदर्भाकडे वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज होता, फैज फजलसारखा कर्णधार होता, रजनीश गुरबानीसारखा तरुण गोलंदाज तयार होत होता. कमी होती ती ‘आपण जिंकू शकतो’ या विश्वासाची आणि रोजच्या शिस्तीची. कडकपणानं गुणवत्ता निर्माण केली नाही. असलेली गुणवत्ता वाया जाऊ दिली नाही. शिवाय जाफर-फजल यांच्यासारखी वडीलधारी मंडळी ड्रेसिंग रूममध्ये असली की सरांचं बोलणं तरुण पोराला समजावून सांगणारं कुणीतरी असतं. हा आधार नसेल तर तेच बोलणं नुसतं लागतं.

आता दुसरी बाजू पाहू. पंडित २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथं डेव्हिड वीसे या खेळाडूनं नंतर उघडपणे सांगितलं, की जगभर खेळलेल्या परदेशी खेळाडूंना कसं वागावं आणि काय घालावं हे कुणी सांगितलेलं रुचत नव्हतं. २०२३ मध्ये तो संघ सातवा आला, २०२४ मध्ये विजेता ठरला, २०२५ मध्ये आठवा. प्रशिक्षक तिन्ही वर्षं तेच. म्हणजे यशाचं किंवा अपयशाचं सगळं माप एका स्वभावाच्या पदरात घालता येत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच वाद जुना आहे. तिथल्या ‘मॅनेजर’चं काम आपल्याकडच्या मुख्य प्रशिक्षकासारखं. बिली मार्टिन हे अतिशय तापट मॅनेजर. न्यूयॉर्क यांकीजनं त्यांच्या हाताखाली १९७७ ला विजेतेपद मिळवलं. पण याच संघानं त्यांना पाच वेळा नेमलं, आणि पाचही वेळा त्यांना जावं लागलं. याचं एक कारण आपल्याला हिशोबातून कळतं. बेसबॉलच्या एका हंगामात १६२ साखळी सामने. विदर्भानं पहिला करंडक जिंकला तो ९ सामन्यांत. रागाचा धक्का थोडे दिवस काम करतो. रोज तोच आवाज ऐकला की कान तयार होतात, नाहीतर माणूस आतून तुटतो.

खेळाप्रमाणेही फरक पडतो. आपल्या बुलढाण्याचा तिरंदाज प्रथमेश जावकर २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात अंतिम फेरीत माइक श्लोसरविरुद्ध १४९-१४८ असा जिंकला. एका गुणाचा फरक, आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद. अशा वेळी मागे उभ्या प्रशिक्षकाचा श्वास वाढला तरी खेळाडूला कळतो. तिथं कडकपणा सरावातच संपलेला असावा लागतो.

म्हणून आम्ही तीन कसोट्या सुचवतो. नियम आधीच सांगितलेला आहे का? तो मोठ्या खेळाडूलाही लागू आहे का? आणि राग चुकीच्या वागण्यावर आहे, की झेल सुटला म्हणून? उशिरा येणाऱ्याला बाहेर बसवणं ही शिस्त झाली. शून्यावर बाद झालेल्याला चारचौघांत झापणं म्हणजे स्वतःची भीती दुसऱ्याच्या अंगावर टाकणं.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. मुंबईत एका सरांशी पटलं नाही तर मुलगा शेजारच्या नेटवर जातो. मेहकर, मलकापूर, चिखली, सिंदखेडराजा इथं तेवढे पर्याय कुठून आणायचे? नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तालुक्याच्या मैदानावर बहुतेक वेळा एकच सर असतात, आणि पोरासाठी तोच एक दरवाजा असतो. तो दरवाजा तोंडावर आपटला, तर पोरगं दुसरीकडे जात नाही, खेळच सोडतं. त्यामुळे गावाकडच्या प्रशिक्षकाच्या रागाची किंमत शहरातल्यापेक्षा जास्त असते.

शेवटी एक गोष्ट. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात शतक करणारा तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकर. २०२४-२५ मध्ये विदर्भानं तिसरा रणजी करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता, आणि प्रशिक्षक होते उस्मान घनी. पंडित जाऊन बराच काळ झाला होता. कडक प्रशिक्षकाचं माप काढायचं तर असं काढावं: सर गेल्यावर शिस्त उरली का, आणि पोरं मैदानावर उरली का?

पालकांनी आणि प्रशिक्षकांनी हे दोन प्रश्न आपापल्या मैदानाला विचारून पाहावेत.