टोपी पळवणारी मैत्रीण

मुलांनो, अगदी खरं सांगा हं! तुमच्या वहीचं शेवटचं पान कोरं आहे का? नसणारच! बाई फळ्याकडे वळल्या की त्या पानावर कुणी तलवार काढतं, कुणी पंखांचा घोडा, तर कुणी आवडत्या गोष्टीतला जादूगार. बाईंनी पाहिलं की ओरडा बसतो. आईने पाहिलं की, "वही काय यासाठी आणून दिली?" हे ठरलेलंच. तरी नवी वही आली की तिचंही शेवटचं पान आपण रंगवतोच!

आज तुम्हाला अशाच एका चित्राची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट म्हटलं तरी ती घडलेली आहे, बरं का. हे चित्र काढलं नेदरलँड्समधल्या एका मुलीने आणि पाठवलं नॉर्वेतल्या एका मुलाला. चित्रात एक रुबाबदार वीर आणि एक मुलगी एकमेकांना मिठी मारून उभे आहेत. गंमत म्हणजे चित्र काढणारी आणि ज्याच्यासाठी ते काढलं तो, हे दोघं प्रत्यक्षात एकदाही भेटलेले नव्हते. आणि चित्रातला वीर दोन पायांवर ताठ उभा असला, तरी तो मुलगा मात्र व्हीलचेअरवर होता.

त्याचं नाव मॅट्स स्टेन.

सारखा पडणारा मुलगा

मॅट्सचा जन्म १९८९ सालचा. बालवाडीत तो झोक्यावरून सारखा पडायचा. घसरगुंडी आवडायची, पण तिची शिडी चढायला नको म्हणायचा. खाली बसला की आजोबांसारखा गुडघ्यांवर हात टेकत टेकत उठायचा. शेवटी तो चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी कारण सांगितलं : 'ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी'.

नाव अवघड आहे, पण समजायला सोपं आहे. आपले स्नायू धडधाकट ठेवण्यासाठी शरीर 'डिस्ट्रोफिन' नावाचं एक प्रथिन तयार करतं. या आजारात जनुकातल्या दोषामुळे ते तयारच होत नाही. मग स्नायू हळूहळू झिजत जातात. आधी पाय थकतात, मग हात, आणि पुढे श्वास घेणाऱ्या स्नायूंवर आणि हृदयावरही परिणाम होतो. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. तो संसर्गाने पसरत नाही. म्हणजे अशा मित्राशेजारी बसलं, त्याच्या डब्यातलं खाल्लं तरी काही होत नाही!

मधल्या सुट्टीत बाकीची मुलं फुटबॉल खेळायची आणि मॅट्स नुसता बसून असायचा. बाबांनी विचार केला, याने खेळायचं तरी काय? मग त्यांनी त्याला कॉम्प्युटरवर खेळायची मोकळीक दिली.

तिथे तो धावायचा

२००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा खेळ आला. ॲझेरॉथ हे त्यातलं काल्पनिक जग. तिथे जंगलं आहेत, किल्ले आहेत, जादूगार आहेत, राक्षस आहेत. जगभरातली माणसं एकाच वेळी तिथे वावरतात. प्रत्येकाने आपलं एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. एक मोठं, न संपणारं नाटकच म्हणा ना!

मॅट्सच्या पात्राचं नाव होतं इबेलिन. खांद्यापर्यंत केस, भरदार छाती, तल्लख डोकं. खऱ्या जगात मॅट्सला पाऊलही टाकता येत नव्हतं. इबेलिन मात्र रानावनांतून मनसोक्त पळायचा.

एके दिवशी इबेलिन एका गावाबाहेर असताना अचानक झुडपातून एक मुलगी बाहेर आली. तिचं नाव रूमर. दोघं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले. मग काय झालं असेल? रूमरने त्याच्या डोक्यावरची टोपी खस्सकन ओढली आणि धूम ठोकली! झाली मैत्री सुरू!

ही रूमर म्हणजेच आपली ती नेदरलँड्समधली चित्रकार मुलगी. तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची आणि मॅट्स सोळाचा. पुढे तिचे शाळेतले मार्क घसरले आणि आईवडिलांनी तिचा कॉम्प्युटर बंद केला. (ओळखीचं वाटतंय ना?) मित्रमंडळी तुटल्यामुळे ती अगदी खचून गेली. मॅट्सला हे कळलं. त्याने काय केलं असेल? तिच्या आईवडिलांना एक पत्र लिहिलं! तुमच्या मुलीसाठी ही मैत्री किती मोलाची आहे, हे त्याने त्यांना समजावून सांगितलं.

त्या गटात डेन्मार्कची एक आईही होती. तिच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम होता. मुलाशी जवळीक साधायची कशी, तिला उमजत नव्हतं. मॅट्सने सुचवलं, तुम्ही दोघं मिळून खेळा. आणि खेळता खेळता मायलेकांचं सूत जुळलं.

आता सांगा, यातलं कुठलं काम करायला पाय लागतात?

लपवलेली गोष्ट

पण एक गोष्ट मॅट्सने कितीतरी वर्षं कुणालाच सांगितली नाही. आपला आजार! त्याला भीती वाटायची, की कळलं तर सगळे आपल्याशी वेगळं वागतील. ॲझेरॉथमध्ये त्याला आधी 'तो व्हीलचेअरवरचा' म्हणून कुणी बघत नव्हतं. तिथे तो नुसता इबेलिन होता.

मात्र लपवण्याची किंमतही मोजावी लागली. गटातली मंडळी प्रत्यक्ष भेटायचं ठरवायची आणि मॅट्स टाळायचा. माइकवर बोलू म्हटलं तरी नाही. मित्रांना वाटायचं, हा असा तुटक का वागतो? त्यात मनं दुखावली, रुसवेफुगवे झाले. शेवटची दोनेक वर्षं उरलेली असताना त्याने इंटरनेटवर आपल्या आजाराविषयी लिहायला सुरुवात केली आणि हळूहळू मित्रांना खरं कळलं. कुणीही त्याला सोडून गेलं नाही. उलट, आता कोडं सुटलं होतं.

इकडे घरच्यांना काय दिसत होतं? खोलीत बसलेला एक मुलगा आणि कॉम्प्युटरचा पडदा. रात्र झाली तरी बंद करायचं नाव नाही. रूमर नावाची कुणीतरी वाढदिवसाला भेट पाठवते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यावरून मॅट्सला चिडवायचे आणि तो लाजायचा. पण बाकी सगळं त्यांना 'गेम' वाटायचं. आपल्या मुलाला कुणी जिवाभावाचं मिळालं नाही, याचंच दुःख त्यांना होतं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मॅट्स गेला. वय अवघं पंचवीस.

वडिलांनी त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर ही बातमी लिहिली. कुणी वाचेल, अशी फारशी आशा नव्हती. पण एक पत्र आलं. मग दुसरं. मग येतच राहिली! मॅट्सने मला कसं हसवलं, माझं कसं ऐकून घेतलं, मला कसा धीर दिला... देशोदेशींची अनोळखी माणसं लिहीत होती. अंत्यविधीला त्या गटातले पाच जण वेगवेगळ्या देशांतून ऑस्लोला आले. जाण्यायेण्याचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी वर्गणी काढली होती. आणि ज्यांना येता आलं नाही, त्यांनी आपापल्या घरी मेणबत्ती लावली.

आईवडिलांना तेव्हा कळलं, की आपला मुलगा एकटा नव्हताच! मॅट्सच्या जगात आपण आणखी रस घ्यायला हवा होता, असं त्याच्या वडिलांनी पुढे बोलून दाखवलं. २०२४ साली मॅट्सवर 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' हा माहितीपटही आला.

राणीसाहेबांची चित्रं

आता पुन्हा त्या चित्राकडे येऊ. आपल्या आवडत्या गोष्टीतली, खेळातली किंवा सिनेमातली पात्रं चाहते स्वतःच्या हाताने काढतात, त्याला 'फॅन आर्ट' म्हणतात. हे काही रिकामटेकड्यांचं काम नाही, बरं! डेन्मार्कच्या मार्गारेथ यांना जे. आर. आर. टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' फार आवडलं. त्यांनी त्यावर चित्रं काढली आणि १९७० च्या सुमारास चक्क टॉल्किन यांना पाठवली. १९७२ साली त्या डेन्मार्कच्या राणी झाल्या. १९७७ साली त्यांच्या चित्रांसह पुस्तक निघालं, पण त्यावर राणीचं नाव नव्हतं. 'इंगाहिल्ड ग्राथमर' असं टोपणनाव होतं! राणीलासुद्धा शेवटचं पान रंगवायचा मोह आवरत नाही, तर तुमचीआमची काय कथा?

अंथरुणातून दिसलेला वाडा

इंग्लंडच्या लेखिका सुझाना क्लार्क यांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००४ साली त्यांची जादूगारांवरची जाडजूड कादंबरी गाजली. आणि पुढच्याच वर्षी त्या आजारी पडल्या. त्यांना झाला 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम', म्हणजे विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पण आत सगळं बळ संपलेलं असतं. डोकं जड होतं, विचार सुचत नाहीत. त्यांचे कित्येक दिवस अंथरुणातच गेले.

लहानपणापासून त्या सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या गोष्टींच्या चाहत्या. जमेल तसं, थोडं थोडं लिहीत त्यांनी 'पिरानेसी' ही कादंबरी पूर्ण केली. ती आली २०२० साली, म्हणजे आधीच्या कादंबरीनंतर सोळा वर्षांनी. त्यात असंख्य दालनांच्या एका अजस्र वाड्यात एक माणूस जवळजवळ एकटाच राहतो. तरी त्याला तो तुरुंग वाटत नाही. तिथल्या पुतळ्यांवर, भरती-ओहोटीवर त्याचं प्रेम आहे. आणि या गोष्टीत जागोजागी नार्नियाच्या खुणा लपवलेल्या आहेत. एका चाहतीने आपल्या आवडत्या लेखकाला केलेला तो नमस्कारच नाही का? २०२१ साली या पुस्तकाला ब्रिटनचा मानाचा 'विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन' मिळाला.

आणि आपण?

तुमच्यापैकी कुणाला दमा असेल, कुणाला रोज इन्शुलिन घ्यावं लागत असेल, कुणी थॅलसेमियामुळे दर काही आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला जात असेल. कुणाची बोटं संधिवाताने सकाळी आखडत असतील. (हो, संधिवात लहान मुलांनाही होतो!) चित्र काढल्याने आजार बरा होत नाही. औषधं आणि डॉक्टरांचं ऐकणं याला पर्याय नाही. पण आजार म्हणजे आख्खे तुम्ही नव्हे. पंखांचा घोडा काढत असताना तुम्ही 'पेशंट' नसता, चित्रकार असता!

एकदम सगळं चित्र पूर्ण करायचा हट्ट नको. आज डोळे काढा, उद्या पंख. पेन्सिल धरायला त्रास होत असेल तर तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करा. दमलात तर खुशाल थांबा. घोडा काही उडून जात नाही!

आणि ज्यांचा मित्र किंवा मैत्रीण आजारपणामुळे बरेच दिवस शाळेत येत नाही, त्यांनी एक 'फिरती वही' सुरू करावी. दोघांच्या आवडीचं एक पात्र निवडायचं. एक पान तुम्ही काढायचं, पुढचं पान त्याने. वही शाळेतून त्याच्या घरी आणि घरून शाळेत. नुसतं "आता कसं वाटतंय?" विचारण्यापेक्षा, "पुढे राक्षसाचं काय झालं?" असं विचारून बघा. चेहरा कसा खुलतो ते पाहा!

आईबाबा, तुमच्यासाठीही दोन शब्द. झोपेची वेळ पाळायलाच हवी, आणि इंटरनेटवर मूल कुणाशी बोलतं तेही ठाऊक हवं. त्यासाठीच कधीतरी त्याच्या शेजारी बसा. हा वीर कोण, त्याची टोपी कुणी पळवली, विचारा. मॅट्सच्या आईवडिलांना ते फार उशिरा कळलं. तुमच्यापाशी अजून वेळ आहे.

चला तर मुलांनो, काढा ती वही! आणि हो, आज शेवटचं पान लपवू नका. आईला दाखवा.