ओढ्याच्या पोटात पाणी मावतं किती?

मित्रांनो, तुमच्या गावातून एखादा ओढा वाहतो का? कोकणात त्याला पऱ्या म्हणतात, कुठे वहाळ म्हणतात. उन्हाळ्यात त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. क्रिकेटचा चेंडू त्यात गेला, की तेवढ्यापुरती आठवण! पण त्याला पूर येण्याचा धोका किती, याचा ढोबळ अंदाज तुम्हीसुद्धा बांधू शकता. त्यासाठी लागणारं गणित सहावी-सातवीतलंच आहे.

एक चौरस किलोमीटर जमिनीवर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती होईल? वहीत मांडून पाहा. १० लाख लिटर! आता समजा, ४ चौरस किलोमीटर डोंगरउतारावरचं पाणी तुमच्या ओढ्यात उतरतं, आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला. झाले २० कोटी लिटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं, झाडापानांवर अडलं असं धरू. (ऑगस्टमध्ये जमीन आधीच तुडुंब असते, तेव्हा एवढंही मुरत नाही.) उरलेलं तासाभरात वाहून आलं, तर ओढ्यात दर सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर पाणी येईल.

आता रस्त्याखालची मोरी पाहा. ती ४ मीटर रुंद, दीड मीटर उंच असेल आणि पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यातून सेकंदाला १२ हजार लिटरच जाणार. बाकीचे १६ हजार? ते रस्त्यावर, बाजारपेठेत, कुणाच्या तरी माजघरात! आणि ही झाली स्वच्छ मोरी. निम्मी मोरी गाळाने, प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजली असेल, तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. ओढा पुढे ज्या नदीला मिळतो, तिचीही तब्येत पाहावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातलं चिपळूण घ्या. शिव नावाची छोटी नदी शहरातून येऊन वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीकडे जाते. समुद्राला भरती आली, की खाडीतलं पाणी वर चढतं. मग वाशिष्ठीच्या पुराला उतरायला जागा मिळत नाही आणि शिव नदीचं पाणी मागे तुंबतं. शिवाय कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. २२ जुलै २०२१ रोजी घाटात प्रचंड पाऊस झाला, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे भरतीही मोठी. चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. याच वाचनालयातली पुस्तकं २००५ च्या पुरातही भिजली होती!

सोळा वर्षांत दोनदा? मोठे पूर तर म्हणे पंचवीस वर्षांतून एकदा येतात! इथेच पुष्कळ मोठी माणसंही फसतात. पाटबंधारे खातं नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात बांधकामाला मनाई असते. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला, की पंचवीस वर्षं सुट्टी, असं नव्हे. २५ बाजूंचा फासा दरवर्षी एकदा टाकायचा आणि त्यातल्या एकाच बाजूवर पूर लिहिलेला, असं समजा. गेल्या वर्षी ती बाजू पडली, म्हणून यंदा पडणार नाही, असं फासा थोडंच म्हणतो? २५ वर्षांत असा पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात ६४ आहे.

नकाशा हाती नसेल, तर आजी-आजोबांना विचारा. ‘पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं,’ असं कुणी सांगितलं, तर ती पायरी ओढ्याच्या तळापासून किती उंच आहे, ते मोजा आणि साल घालून वहीत लिहा. आईबाबांनाही ती वही दाखवा. नवं घर घ्यायच्या गोष्टी चालू असतील, तर आधी दाखवा.

मात्र ही मोजणी डिसेंबरात करायची, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. पावसाळ्यात मोरीवरून पाणी वाहत असेल, तर टेप घरी आणि तुम्हीही घरी. गुडघाभर पाणी दिसलं, तरी जोराच्या धारेत पाय टिकत नाहीत.