'मला काय सुचणार?' या शंकेला जात्यावरचं उत्तर

लोहगडवाडीच्या माथ्यावरचा लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. याच मावळात आणखी एक वारसा आहे, जात्यावरच्या ओव्यांचा. 'आपल्यात कुठली कला?' म्हणणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

ओव्या कुणी रचल्या?
पहाटे दळायला बसणाऱ्या बायांनी. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून सुमारे १ लाख १० हजार ओव्या जमवल्या.

शंका आड का आली नाही?
दळण चुकणारं नव्हतं. हात कामात, समोर परीक्षक नाही आणि दोन ओळी पुरेशा. विषय घरचेच: लेक, भाऊ, सासर, विठ्ठल. ऐकलेल्या ओवीत आपला शब्द घातला की नवी ओवी तयार. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी पुस्तकात आली ती १९५२ मध्ये, निधनानंतर.

आपण काय करायचं?
• रोजचं एक काम निवडा: पोळ्या, धारा काढणं, लोकलचा प्रवास.
• त्या वेळात सुचलेल्या दोन ओळी मोबाइलवर रेकॉर्ड करा.
• चांगलं की वाईट, हे त्याच दिवशी ठरवू नका.

गिरणी आली आणि जाती थांबली. ओव्या आता म्हाताऱ्या बायांच्याच ओठी उरल्यात. घरात आजी असेल तर आजच विचारा. 'मला काय येतंय?' असं ती म्हणेल. तरी थोडा वेळ बसून राहा.