वेळेआधी फुटणारी पाणमोट

गर्भाभोवतीची पाणमोट दोन पातळ पडद्यांची असते. आतला पडदा पारदर्शक, त्यात एकही रक्तवाहिनी नाही. तरी हे पडदे नऊ महिने गर्भजलाचा भार पेलतात, ते कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांच्या जोरावर. दिवस भरत आले की हे धागे विरू लागतात. पण कळा सुरू होण्याआधीच पाणी जाते, असे पूर्ण दिवसांच्या शंभर गरोदरपणांपैकी साधारण आठांमध्ये घडते; त्यातल्या बहुतेकींना पुढच्या दिवसभरात कळा येतात. खरी काळजी ३७ आठवड्यांच्या आत पाणी गेले तर. प्रमाण शंभरात दोन-तीन एवढेच, मात्र अपुऱ्या दिवसांच्या सुमारे एक तृतीयांश बाळंतपणांची सुरुवात इथूनच होते.

कारणांत जंतुसंसर्ग ठळक आहे. योनिमार्गातील जंतूंचा समतोल बिघडला किंवा क्लॅमिडिया, गनोरियासारखी लागण झाली, की जंतू गर्भाशयमुखातून वर सरकू शकतात. त्यांची विकरे आणि त्यांच्याशी लढताना उठणारा दाह, दोन्ही मिळून कोलॅजेन पोखरतात. अंगावरून जाणे, त्याला येणारा वास, लघवीची जळजळ हे सांगायला बायका संकोचतात आणि तपासणाऱ्यालाही घाई असते. हा संकोच महागात पडतो. लघवीतला संसर्ग तर पुष्कळदा काहीच त्रास देत नाही, तो तपासणीतच सापडतो.

धूम्रपानानेही धोका वाढतो. महाराष्ट्रात गरोदर बाई विडी ओढताना क्वचितच दिसेल, पण मशेरी अनेक घरांत असते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून बोटाने हिरड्यांना चोळायची, याला ‘दात घासणे’च म्हणतात. म्हणून ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर येते. विचारायचे तर मशेरीचे नाव घेऊनच विचारावे. मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे जास्त आढळली. अभ्यास पाणमोटेपुरता नव्हता, तरी इशारा पुरेसा आहे.

जुळी असतील किंवा गर्भजल फार वाढले असेल, तर पडद्यांवर ताण येतो. गर्भाशयमुख आखूड असेल किंवा त्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर खालचा आधार कमी पडतो. चौथ्या महिन्यानंतरचा रक्तस्राव, आईचे फार कमी वजन हेही धोक्याचेच. सर्वांत बोलका मात्र पूर्वेतिहास: मागच्या खेपेला अपुऱ्या दिवसांत पाणी गेले असेल, तर पुन्हा तसे होण्याची शक्यता बरीच वाढते. ही गोष्ट पहिल्याच भेटीत कार्डावर लिहिली जायला हवी.

इतके असूनही अनेकींच्या बाबतीत यातले एकही कारण सापडत नाही. ‘हंडा उचललास म्हणून’, ‘जिना चढलीस म्हणून’ असा ठपका सुनेवर सहज ठेवला जातो. रोजच्या घरकामाने निरोगी पाणमोट फुटते, याला आधार नाही.

पाणी नेहमी भसकन जातेच असे नाही. कधी ते थेंबथेंब पाझरते आणि लघवी समजून सोडून दिले जाते. लघवीसारखा वास नसलेले, थांबवूनही न थांबणारे पाणी जाणवले, तर स्वच्छ पॅड लावून, वेळ आणि रंग लक्षात ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. पाणी हिरवट असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर क्षणाचाही उशीर नको.