कंपवाताचा शोध : लेखांक पाचवा — यंत्राची आणेवारी

कंपवाताचे मूळ मध्यमेंदूतील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर पट्ट्यात असून, तेथील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झिजत झिजत सुमारे निम्म्या किंवा त्याहूनही अधिक नष्ट झाल्यावरच हाताचा कंप डोळ्यांना दिसू लागतो, हे गेल्या लेखांकात सांगितले, तेव्हा कवठे येमाई येथील एका वाचकांनी मोठा मार्मिक प्रश्न विचारला : ही झीज जर छायाचित्रात दिसते आणि ते छायाचित्र संगणक वाचू शकतो, तर गावातील साठी ओलांडलेल्या सर्वांनाच एकदा या यंत्राखालून का काढू नये? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दूर देशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील लवळे येथे, या विषयावर झालेले एक संशोधन दाखला म्हणून पुरेसे आहे.

तेथील सिंबायोसिस विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रतिमा-विश्लेषण केंद्रातील सुमीत शिंदे व मधुरा इंगळहळीकर यांनी बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील प्रमोद पाल, जितेंदर सैनी आदी तज्ज्ञांच्या सहकार्याने केलेले हे काम 2019 साली प्रसिद्ध झाले. त्याचा आधार न्यूरोमेलॅनिन हे रंजकद्रव्य. ज्याच्यामुळे तो पट्टा काळा दिसतो, तेच हे द्रव्य लोहाशी बद्ध असल्याने चुंबकीय क्षेत्रात निराळे वागते आणि विशिष्ट रीतीने घेतलेल्या एमआरआय प्रतिमेत काळ्याऐवजी उजळ उमटते. पेशी गेल्या की उजळपणा ओसरतो. जपानमधील सासाकी आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली 3 टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ-सत्तर हजार पट बलवान अशा, यंत्रावर ही गोष्ट दाखवून दिली होती. (ज्याचे अंग थरथरते त्यालाच त्या गडगडाटी नळकांड्यात निश्चल पडून राहावयास सांगावे लागते, ही या परीक्षेतील एक क्रूर विसंगती आहे, डोके हलले की प्रतिमा पुसट झालीच.)

आजवरची रीत अशी, की जाणकाराने प्रतिमेवर त्या पट्ट्याची हद्द आखावी आणि त्याचा उजळपणा आसपासच्या भागाशी ताडून पाहावा. लवळ्याच्या मंडळींनी ही मोजणी बाजूला ठेवून रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या प्रतिमा थेट संगणकाच्या ‘न्यूरल नेटवर्क’पुढे ठेवल्या, प्रत्येकीचे निदान त्यास सांगितले, आणि भेद कशात आहे हे शोधण्याचे काम त्याच्यावरच सोपविले. पुढे त्याने कधी न पाहिलेल्या प्रतिमांवर परीक्षा घेतली, तेव्हा उजळपणाच्या गुणोत्तरावरून केलेला निर्णय 56.5 टक्के प्रसंगी बरोबर ठरला होता, तर यंत्राचा 80 टक्के प्रसंगी. छापा-काट्याहून किंचित सरस अशा रीतीपेक्षा ही मजल खासच मोठी. शिवाय यंत्राने निर्णय देताना प्रतिमेचा कोणता भाग जमेस धरला हेही पाहता आले, आणि तो प्रामुख्याने डाव्या बाजूचा निघाला. कंपवात बहुधा शरीराच्या एका बाजूस आधी पकडतो, या वैद्यांच्या जुन्या अनुभवाशी ते जुळते. मला स्वतःला टक्केवारीपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची वाटते, कारण कारणे न देणाऱ्या न्यायाधीशावर विश्वास तरी किती टाकावा?

आता वाचकांच्या प्रश्नाकडे वळू. साठीपुढील लोकांत कंपवाताचे प्रमाण ढोबळ मानाने शंभरात एक धरतात. गावोगावचे एक हजार वृद्ध तपासले, तर त्यांत दहा रुग्ण असतील आणि नऊशे नव्वद निरोगी. रुग्ण व निरोगी या दोहोंच्या बाबतीत यंत्र 80 टक्के अचूक आहे असे मानले, तर ते दहांपैकी आठ रुग्ण हुडकून काढील हे खरे. परंतु निरोगी माणसांपैकी 198 जणांनाही रोगी ठरवील. म्हणजे ज्या 206 जणांच्या हाती धास्तीचा कागद पडेल, त्यांतील 198 जणांना तो रोग नसेलच! रुग्णालयाच्या दारी आलेल्या निवडक मंडळींत मिळालेली अचूकता गावाच्या चावडीवर अशी विरघळते, आणि हा दोष गणिताचा नसून यंत्राच्या गैरवापराचा आहे.

दुसरी अडचण नमुन्याची. महसूल खाते निवडक शेतांत कापणी करून साऱ्या गावच्या पिकाची आणेवारी ठरविते. ती शेते घोड नदीकाठच्या बागायतीतली निवडली आणि अंदाज माळावरच्या जिरायतीस लागू केला, तर दफ्तर निर्दोष राहूनही निवाडा चुकतो. काही डझन माणसांच्या प्रतिमांवर शिकलेले यंत्र दुसऱ्या रुग्णालयातील दुसऱ्या बनावटीच्या एमआरआयपुढे असेच फसू शकते. आणि त्याला शिकविताना सांगितलेले निदान तरी कोणाचे? वैद्याचेच, त्याचा अंतिम पुरावा शवविच्छेदनाखेरीज मिळत नाही, तेव्हा गुरूची चूक शिष्यात उतरणारच.

मग या यंत्राचे स्थान कोठे? माझ्या मते, जेथे तज्ज्ञ स्वतःच साशंक असतो तेथे. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हे विकार आरंभी हुबेहूब कंपवातासारखे भासतात; मात्र ते झपाट्याने वाढतात आणि नेहमीच्या औषधाला फारशी दाद देत नाहीत. लवळ्याच्या यंत्राने कंपवात आणि असे सदृश विकार यांत 85.7 टक्के प्रसंगी योग्य भेद केला. कवठ्याचा एखादा रुग्ण शिरूरमार्गे पुण्यास मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेला, हालचालींची मंदता व ताठरपणा तपासूनही शंका उरली, तर अशा प्रतिमेचा कौल उद्या खरोखर कामी येईल. आज मात्र ‘लेव्होडोपा’ हे कंपवाताचे नेहमीचे औषध देऊन गुण येतो की नाही हे पाहणे, हीच त्या तज्ज्ञाच्या हातातील मोठी कसोटी आहे. हे द्रव्य आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांतही असते, आणि म्हणून पुष्कळांना त्या बियांचे चूर्ण घरच्या घरी घेण्याचा मोह होतो; त्यातील तथ्य आणि धोका यांचा विचार पुढील आठवड्यात करू.